पिकाचे तापमान आणि बाळाचे मरण

वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुका हा कापूस, तूर, सोयाबीन आणि संत्र्यांचा मुलूख आहे. या तालुक्यातील रोहणा किंवा त्याच्या आसपासच्या गावातील एखाद्या संत्रा बागाईतदाराने हवामानावर आधारित फळपीक विमा उतरविला, तर महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्राने नोंदविलेले तापमान आणि पाऊस हाच त्याच्या भरपाईचा आधार ठरतो. ‘महावेध’ प्रकल्पाखाली राज्यात अशी दोन हजारांहून अधिक केंद्रे उभी राहिली आहेत. पारा ठराविक अंशांच्या वर किती दिवस राहिला याचा हिशेब तारीखवार मांडला जातो. विमा कंपन्या त्या हिशेबात शेतकऱ्याला किती न्याय देतात हा वेगळा विषय आहे. परंतु अतिउष्णतेने फळ गळते, त्याची मोजदाद झाली पाहिजे आणि त्याची जबाबदारी कोणीतरी घेतली पाहिजे, एवढे तत्त्व तरी शासनाने मान्य केले आहे. त्याच मंडळात, त्याच आठवड्यात जन्मलेले एखादे मूल आठ दिवसांचे होऊन दगावले, तर त्याच्या मृत्यूच्या कागदावर तापमानाचा रकाना नसतो. फळाच्या गळतीला हवामान असते, बाळाच्या मृत्यूला ते नसते. ही विसंगती केवळ कारकुनी नव्हे. कोणते नुकसान मोजण्याजोगे मानले जाते, हा राजकीय प्रश्न तिच्या मुळाशी आहे.

जन्मापासून अठ्ठावीस दिवसांच्या आतील मृत्यूला नवजात मृत्यू म्हणतात. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे भारतात दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे पंचवीस बालके या मुदतीत दगावतात. महाराष्ट्रात हे प्रमाण सोळा ते सतरा आहे. वर्षाच्या आत दगावणाऱ्या दर दहा बालकांपैकी सात या पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच जातात. त्यांतही बहुसंख्य मृत्यू पहिल्याच आठवड्यात होतात. अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे बाळ, जन्मताच गुदमरणे आणि जंतुसंसर्ग ही त्यांची प्रमुख कारणे वैद्यकाला चांगली ठाऊक आहेत. या यादीत ऊन आणि थंडी यांचा उल्लेख क्वचितच आढळतो. तापमान हे बहुधा स्वतंत्रपणे मारीत नाही. आधीच दुबळ्या असलेल्या बाळाला ते शेवटचा धक्का देते आणि दाखल्यावर नाव दुसऱ्याच कारणाचे लागते.

नवजात बालकाच्या शरीराची रचनाच अशी असते की बाहेरील हवेशी त्याला झुंज देता येत नाही. वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचे क्षेत्रफळ मोठ्या माणसाच्या दुपटीहून अधिक असते. थंडीत त्याला कुडकुडून ऊब निर्माण करता येत नाही आणि उन्हाळ्यात पुरेसा घाम गाळता येत नाही. साडेछत्तीस ते साडेसदतीस अंश या अरुंद पट्ट्यात त्याचे तापमान राहिले पाहिजे. ते घसरले की बाळ निपचित पडते, अंगावर पीत नाही आणि त्यामुळे आणखी गार पडते. ते चढले की शरीरातील पाणी आटते, आणि असा ताप जंतुसंसर्गाचा की उष्णतेचा हे ओळखणे डॉक्टरलाही अवघड जाते. विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो आणि पौषात रात्री दहा अंशांपर्यंत उतरतात. रोहण्यासारख्या गावात जन्मलेल्या बाळाला वर्षाच्या दोन्ही टोकांना धोका आहे, आणि दुपारभर तापलेल्या टिनाच्या छपराखालची खोली बाहेरच्या हवेपेक्षाही निर्दय असते.

हे सारे अनुभवाने ठाऊक असले, तरी त्याचे मोजमाप कसे करावयाचे हा प्रश्न उरतो. गरीब देशांत जन्ममृत्यूची नोंद अपुरी असते. भारतात जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ सालचा आहे आणि एकवीस दिवसांत नोंद करण्याचे बंधन त्यात आहे. तरीही ज्या बाळाचे बारसेसुद्धा झाले नाही, त्याची नोंद करण्यासाठी शोकाकुल कुटुंब कार्यालयाची पायरी चढेलच असे नाही. म्हणून संशोधक घरोघरच्या पाहण्यांकडे वळतात. या पाहण्यांत प्रशिक्षित स्त्रिया घरी जाऊन प्रत्येक मातेला तिच्या सर्व बाळंतपणांचा इतिहास विचारतात: मूल केव्हा झाले, जिवंत आहे काय, नसल्यास किती दिवसांचे असताना गेले. भारतात १९९२-९३ पासून हे काम राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी करीत आली आहे. तिच्या पाचव्या फेरीत ७०७ जिल्ह्यांतील ६ लाख ३६ हजारांहून अधिक कुटुंबांची माहिती घेण्यात आली. मातांनी सांगितलेल्या या तारखा आणि त्या स्थळांचे त्या दिवसांचे तापमान एकत्र जुळविले की ऊन, थंडी आणि नवजात मृत्यू यांचा संबंध तपासता येतो.

जर्मनीतील पोट्सडॅम येथील हवामान-संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास याच धर्तीचा आहे. अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या एकोणतीस देशांतील अशा पाहण्यांमधून २००१ ते २०१९ या काळातील चाळीस हजारांवर नवजात मृत्यू त्यांनी निवडले. त्यांचा निष्कर्ष असा की या मृत्यूंपैकी सुमारे ४.३ टक्के मृत्यूंचा संबंध अतिउष्ण किंवा अतिथंड हवेशी आहे. त्यांत थंडीचा वाटा उष्णतेपेक्षा मोठा आहे. मात्र उष्णतेशी निगडित मृत्यूंपैकी जवळजवळ एक तृतीयांश मृत्यूंना मानवनिर्मित हवामानबदल कारणीभूत असावा, असे त्यांचे अनुमान आहे. ज्या देशांनी वातावरणात सर्वांत कमी धूर सोडला त्याच देशांतील अर्भकांनी त्याची किंमत मोजावी, हा या आकड्यांचा अर्थ कोणाही समाजवाद्याला निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

परंतु आकड्याचा अर्थ लावताना तो कोणत्या वाटेने आला हेही पाहिले पाहिजे. अशा अभ्यासांत वापरली जाणारी एक युक्ती मोठी मार्मिक आहे. बाळ ज्या दिवशी दगावले त्या दिवसाच्या तापमानाची तुलना दुसऱ्या घरातील जिवंत बाळाशी न करता, त्याच स्थळाच्या त्याच महिन्यातील इतर दिवसांशी करावयाची. असे केले की आईचे शिक्षण, घराची ऐपत, दवाखान्याचे अंतर, जात, आहार हे सारे आपोआप बाजूला पडते. कारण बुधवारी जे घर गरीब होते ते सोमवारीही गरीबच होते. उरतो तो केवळ दिवसादिवसांतील तापमानाचा फरक. गणिताच्या दृष्टीने ही पद्धत निर्दोष आहे. तिच्यामुळेच संशोधकाला ठामपणे सांगता येते की दिसलेला परिणाम तापमानाचा आहे, दारिद्र्याचा आभास नाही.

पण येथेच राजकीय कार्यकर्त्याने सावध असावयास हवे. दारिद्र्य समीकरणातून वगळल्याशिवाय तापमानाचा परिणाम स्वच्छ दिसत नाही, हे खरे. परंतु वगळलेली गोष्ट नाहीशी होत नसते. ४.३ टक्के ही सरासरी आहे. एकच दिवस, एकच पंचेचाळीस अंश. पण कूलर असलेल्या स्लॅबच्या घरातील बाळाला तो दिवस वेगळा असतो आणि टिनाच्या झोपडीतील बाळाला वेगळा. एकाची आई माडीवरच्या खोलीत विश्रांती घेत असते, दुसरीची आई बाळंतपणाच्या आदल्या आठवड्यापर्यंत उन्हात मजुरीला गेलेली असते. सरासरी काढताना हे दोघे एकाच ओळीत येतात. तेव्हा संशोधकाने जे पद्धतीसाठी दूर ठेवले ते धोरणकर्त्याने परत जागेवर आणून ठेवले पाहिजे. अन्यथा ‘हवामानाने मारले’ एवढेच वाक्य शिल्लक राहील आणि छप्पर, वीज, पाणी, मजुरी यांविषयी कोणालाच जाब द्यावा लागणार नाही.

पाहणीच्या मर्यादाही समजून घेतल्या पाहिजेत, म्हणजे तिच्याकडून भलती अपेक्षा राहणार नाही आणि तिचा उपहासही होणार नाही. पहिली मर्यादा संख्येची. पाचव्या फेरीत एका जिल्ह्याच्या वाट्याला सरासरी नऊशे कुटुंबे आली. नऊशे कुटुंबांत पाच वर्षांत समजा तीनशे जन्म झाले आणि राज्याच्या सरासरीप्रमाणे मृत्यू झाले, तर साऱ्या वर्धा जिल्ह्यातून नवजात मृत्यूंच्या पाचच नोंदी हाती येतील. पाच नोंदींवरून वैशाखाचा दोष सिद्ध होत नाही आणि पौषाचाही नाही. पाहणी देशाचे आणि राज्याचे चित्र दाखवू शकते. रोहण्याचे चित्र तिच्यात उमटणे शक्य नाही.

दुसरी मर्यादा स्थळाची. कुटुंबांची ओळख गुप्त राहावी म्हणून पाहणीतील ग्रामीण स्थळे प्रसिद्ध करताना मुद्दाम पाच किलोमीटरपर्यंत, आणि थोडी स्थळे त्याहूनही दूर, सरकविली जातात. हे योग्यच आहे, आणि सपाट मुलखात त्याने फारसे बिघडतही नाही. परंतु महाराष्ट्रातील एका चालीने मात्र मोठा घोटाळा होऊ शकतो. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत येथे सार्वत्रिक आहे. पाहणी करणारी स्त्री मातेला सासरी गाठते आणि त्या गावाचे तापमान तिच्या बाळाच्या खात्यावर मांडले जाते. प्रत्यक्षात मूल जन्मले आणि गेले ते शंभर कोसांवरच्या माहेरी. सासर आर्वीचे आणि माहेर मेळघाटातील चिखलदऱ्याचे असेल तर या दोन ठिकाणच्या मे महिन्यांत केवढा फरक! ऊसतोडीला, वीटभट्टीला किंवा शहरातील बांधकामावर गेलेल्या कुटुंबांचेही असेच. ‘बाळ कोठे जन्मले आणि कोठे दगावले’ हा एक प्रश्न प्रश्नावलीत नेमकेपणाने विचारला गेला, तर या देशातील अशा अभ्यासांची किंमत कितीतरी वाढेल.

तिसरी मर्यादा स्मृतीची. चार वर्षांपूर्वी गेलेल्या बाळाचा दिवस आईला आठवतो, पण तारीख आठवेलच असे नाही. ‘आठवड्याचे होते’ असे सांगितले जाते आणि सहा दिवसांचे, आठ दिवसांचे सारे मृत्यू सातव्या दिवशी गोळा होतात. जन्मताच गेलेले मूल मृतजन्म म्हणून सांगितले जाते. जी माता बाळंतपणातच दगावली, तिच्या बाळाची हकीकत सांगायला तर कोणीच उरत नाही. शिवाय प्रत्येक मोठी यंत्रणा आपापल्या चाळणीतून पाहते. २०२० सालच्या नमुना नोंदणी पद्धतीने महाराष्ट्रातील नवजात मृत्युदर हजारी अकरा दिला. कुटुंब पाहणीने मागील पाच वर्षांच्या जन्मांवरून काढलेला दर सोळाच्या वर होता. पद्धती निराळ्या, काळ निराळा. पण दोहोंमधील अंतर हजारो बालकांचे आहे, हे विसरता येत नाही.

या मर्यादांवर उपाय आहे, आणि तो महाराष्ट्रातच घडून दाखविला गेला आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९३ नंतर एकोणचाळीस गावांत प्रत्येक जन्माची आणि मृत्यूची नोंद ठेवली, आणि १९९५ पासून गावातीलच अल्पशिक्षित स्त्रियांना घरी जाऊन नवजाताचे वजन करणे, तापमान घेणे, ऊब देणे, संसर्ग ओळखणे आणि औषध देणे शिकविले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे तिसऱ्या वर्षी या गावांतील नवजात मृत्युदर हजारी २५.५ वर आला, तर तुलनेच्या गावांत तो साठाच्या घरातच राहिला. याच नोंदींतून नवजातांचे आजार ऋतूंप्रमाणे बदलतात हेही दिसून आले. पुढे २००१ साली ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने राज्यात किती बालमृत्यू सरकारी कागदांवर येतच नाहीत हे उघड केले आणि शासनाला त्याची दखल घ्यावी लागली. मोजणारी बाई आणि वाचविणारी बाई एकच होती, हे गडचिरोलीच्या कामाचे मर्म आहे. तेथे आकडा दूरच्या कचेरीसाठी गोळा झाला नव्हता. तो त्याच घरात, त्याच दिवशी उपयोगी पडत होता.

गुजरातमधील अनुभवही बोलका आहे. मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेची भयंकर लाट आली. तेथील एका सार्वजनिक रुग्णालयातील २००९ ते २०११ या वर्षांच्या उन्हाळ्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा आढळले की बेचाळीस अंशांच्या वरच्या प्रत्येक अंशागणिक उष्णतेच्या त्रासाने दाखल होणारी नवजात बालके ४३ टक्क्यांनी वाढत होती. बाळंतिणींचा कक्ष वरच्या, उन्हाने तापणाऱ्या मजल्यावर होता. तो खाली हलविल्यावर त्रास लक्षणीय कमी झाला. या उपायाला परदेशी यंत्र लागले नाही आणि कोट्यवधींचा निधीही लागला नाही. कोणीतरी नोंदवही आणि तापमापक शेजारी शेजारी ठेवून पाहिले, एवढेच. २०१३ पासून अहमदाबादेने उष्णतेचा कृती आराखडा अंमलात आणला आणि पुढे नागपुरासह अनेक शहरांनी त्याचे अनुकरण केले. परंतु हे आराखडे बव्हंशी शहरांसाठी आणि उन्हात काम करणाऱ्या प्रौढांसाठी आहेत. खेड्यातील बाळंतिणीची खोली त्यांच्या नकाशावर नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. शंभरातील चार मृत्यूंसाठी एवढा खटाटोप कशाला? आधी गुदमरणे, संसर्ग आणि अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे यांकडे पाहावे. आक्षेप वरवर व्यवहारी आहे. पण तो कारणांना वेगवेगळ्या कप्प्यांत बसवितो. गरोदर स्त्रीला कडक उन्हात राबावे लागले तर अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा धोका वाढतो. गार पडलेल्या बाळाला संसर्ग लवकर गाठतो. तापमान हे या सर्व कारणांच्या मागे उभे आहे. शिवाय यावरचे उपाय स्वस्त आहेत. आईच्या छातीशी बाळाला उघड्या अंगाने धरून ठेवण्याची पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील एका गरीब रुग्णालयात पाळणपेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून रूढ झाली. २०२१ साली भारतासह पाच देशांतील रुग्णालयांच्या चाचणीत, कमी वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच असे धरल्याने त्यांच्यातील मृत्यू पंचवीस टक्क्यांनी घटल्याचे सिद्ध झाले. उन्हाळ्यात बाळाला दुपट्यांत करकचून गुंडाळू नये, बाळंतिणीची खोली कोंदट ठेवू नये, शेगडी पेटवू नये, बाळाला वरचे पाणी न देता वारंवार अंगावर पाजावे आणि आईला पोटभर पाणी व अन्न मिळावे, एवढ्यानेही बराच फरक पडतो. मात्र हे उपदेश ज्या घरात पंखा चालण्याइतकी वीज नाही आणि पाणी कोसभरावरून आणावे लागते, तेथे ऐकविताना उपदेशकाला संकोच वाटला पाहिजे.

हे काम करणारी यंत्रणा गावात नाही असेही नाही. २०११ पासून गृहभेटीच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली आशा कार्यकर्ती दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला बेचाळीस दिवसांत सहा आणि घरी जन्मलेल्याला सात भेटी देते. तिच्या पिशवीत तापमापक असतो आणि तिच्या नमुन्यात बाळाच्या तापमानाचा रकाना असतो. म्हणजे गावातील नवजातांचे, दिनांकासह, प्रत्यक्ष मोजलेले तापमान सरकारदरबारी कागदावर पडून आहे. शेजारीच महसूल मंडळाच्या केंद्रातील हवेचे तापमान पडून आहे. या दोन कागदांची गाठ कोणी घालून देत नाही, कारण एक आरोग्य खात्याचा आहे आणि दुसरा कृषी खात्याचा. आणि ज्या आशेने हे सर्व करावयाचे तिला कामगार म्हणून मान्यता नाही. एका नवजाताच्या साऱ्या भेटी पूर्ण केल्या की २५० रुपये, असा तिच्या कामाचा ठरविलेला भाव आहे. मोबदल्याच्या मागणीसाठी २०२३ च्या अखेरीस आणि २०२४ च्या आरंभी महाराष्ट्रातील आशांना संपावर जावे लागले. नोंदीचा दर्जा हवा असेल तर नोंद घेणारीला वेतन आणि प्रतिष्ठा द्यावी लागेल. तिच्यावर आणखी एक रकाना लादून तो फुकट भरून घेणे हे शोषणच होईल.

आकडेवारीकडे पाहण्याची राज्यकर्त्यांची वृत्तीही या संदर्भात तपासली पाहिजे. २०१७-१८ ची उपभोग खर्चाची पाहणी २०१९ साली दडपण्यात आली. २०२१ ची जनगणना ठरल्या वर्षी झाली नाही. कुटुंब आरोग्य पाहणी करणाऱ्या मुंबईच्या संस्थेच्या संचालकांना जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने निलंबित केले; कारण नेमणुकांतील अनियमिततेचे सांगण्यात आले आणि काही महिन्यांनी निलंबन मागे घेण्यात आले, परंतु अभ्यासकांच्या मनात शंकेचे सावट राहून गेले. २०२५ च्या आरंभी अमेरिकन सरकारने आपली मदत आटोपती घेतल्याने गरीब देशांतील अशा पाहण्या चालविणारा आंतरराष्ट्रीय कार्यक्रमही बंद पडला. ज्या देशांत नवजातांचे मृत्यू अधिक, त्याच देशांत ते मोजण्याचे साधन नाहीसे होत आहे. न मोजलेला मृत्यू कोणत्याही अंदाजपत्रकात शिरत नाही. म्हणून आकडेवारी हा तज्ज्ञांचा छंद मानून कार्यकर्त्यांनी तिच्याकडे पाठ फिरविणे परवडणारे नाही.

मागण्या स्पष्ट आहेत. महसूल मंडळाच्या हवामान केंद्रांचे दैनिक आकडे आरोग्य खात्याला आणि ग्रामपंचायतीला विनामूल्य मिळाले पाहिजेत. प्रत्येक नवजात मृत्यूच्या चौकशीत तारीख, जन्मस्थळ, मृत्युस्थळ आणि घराच्या छपराचा प्रकार नोंदविला गेला पाहिजे, आणि नावे गुप्त ठेवून त्यांचा जिल्हावार गोषवारा दरवर्षी प्रसिद्ध झाला पाहिजे. प्राथमिक आरोग्य केंद्रांतील प्रसूतिगृहे एप्रिल ते जून या काळात सहन होण्याजोगी थंड आणि हिवाळ्यात उबदार राहतील अशी व्यवस्था व अखंड वीज हवी. अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ साली प्रत्येक मातेला किमान सहा हजार रुपयांचा हक्क दिला. २०१७ च्या मातृवंदना योजनेने तो पाच हजारांवर आणि पहिल्याच मुलापुरता आणला, आणि नंतर दुसरी मुलगी झाल्यासच त्यात भर घातली. तो हक्क अटी काढून, महागाईच्या प्रमाणात वाढवून दिला पाहिजे, म्हणजे गरोदर मजूर स्त्रीला शेवटच्या महिन्यांत उन्हात जाण्याची सक्ती राहणार नाही. घरकुल योजनेतील घरे बांधताना छप्पर तापणार नाही याचा विचार अनिवार्य केला पाहिजे.

वर्धा जिल्ह्याला हे काम अवघड नाही. १९६९ साली गांधी जन्मशताब्दीत सेवाग्राम येथे ग्रामीण भागासाठी वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले, ते खेड्यातील आजाराचा अभ्यास खेड्यात जाऊन व्हावा याच हेतूने. महाविद्यालय, जिल्हा परिषद आणि आशांच्या संघटना यांनी एकत्र बसून आर्वी तालुक्यातील एका आरोग्य केंद्राच्या क्षेत्रात तीन वर्षे अशी जोडनोंद ठेवली, तरी देशाला दाखविण्याजोगा नमुना तयार होईल. कार्यकर्त्यांनी त्याची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. येत्या ग्रामसभेत गेल्या वर्षी गावात किती बाळे जन्मली, किती दगावली आणि कोणत्या महिन्यात, एवढे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर तयार असेल तर गावाची आरोग्य व्यवस्था जागी आहे असे समजावे. उत्तर नसेल तर ते तयार करून घेण्यापासून कामाला आरंभ करावा.